बर्फाचा तास

१५ जानेवारी, बुधवार

हो म्हणून बसलो! कशाला म्हणालो?

ओकिता बाई दारात उभ्या राहिल्या, बुटांवरचा बर्फ झटकला आणि म्हणाल्या, "गेनपेइ आजोबा, आमच्या मुलांना बर्फ उपसता येतो. पण तो तयार कसा होतो, ते एकालाही सांगता येत नाही. पुढच्या बुधवारी अंगणात तास घ्यायचाय. तुमच्याइतका बर्फ गावात कुणी पाहिलाय?"

शाळेत सगळी मिळून नऊ मुलं. त्यात आमची नात मिनोरी, तिसरीत. बाई दक्षिणेकडच्या. हा त्यांचा इथला पहिलाच हिवाळा. परवा बर्फाने भरलेल्या छपराखाली फोटो काढत उभ्या होत्या — ओरडून बाजूला काढलं. तेव्हापासून त्यांना वाटतं, ह्या म्हाताऱ्याला सगळं दिसतं.

सगळं दिसतं!

इथे लिहितो, बाकी कुठे बोलायची सोय नाही. डोळ्यांपुढे धुकं आहे. दिवे फुटल्यासारखे दिसतात. सून तामाए समोर बसते तेव्हा चेहरा आहे एवढं कळतं, हसते की चिडलीय ते आवाजावरून ओळखायचं. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी चुलीजवळ बसून असायचे आणि दिवसातून कितीदा तरी विचारायचे, "उजाडलं का रे?" मी असायचो तेव्हा "हो, हो" म्हणायचो. भर दुपारीसुद्धा.

मला तसं बसायचं नाही. कुणाला कळता कामा नये.

आणि मी मुलांना बर्फाचे कण दाखवणार! तांदळाच्या दाण्याहून लहान!

१६ जानेवारी

नाही म्हणून कळवावं का? कारण काय द्यायचं? गुडघा म्हणालो तर माझा जुना वर्गसोबती शिगेझो गावभर करेल — गेनपेइ संपला.

१७ जानेवारी, शुक्रवार

मिनोरीला म्हणालो, "पुस्तकातला बर्फाचा धडा वाचून दाखव. तुझाच सराव होईल."

"धड्यात काय असणार," मी आधीच ऐटीत सांगून टाकलं, "बर्फ म्हणजे गोठलेला पाऊस."

"आजोबा! ती गार झाली! गार वेगळी, बर्फ वेगळा!"

म्हणजे आजवर चूकच धरून चाललो होतो. बरं झालं, घरातच फजिती झाली. तास होऊन गेल्यावर कळलं असतं तर?

तिने समजावलं ते असं. वर ढगात धुळीचा एक बारीक कण तरंगत असतो. हवेतली वाफ थंडीने येऊन त्याला चिकटते. मध्ये पाणी होतच नाही, वाफेचा सरळ बर्फ. आधी इवलीशी सहा कोपऱ्यांची बशी. मग कोपऱ्यांना हात फुटतात, कारण कोपरा बाहेर डोकावतो, त्याला वाफ आधी मिळते. खाली येता येता जशी थंडी, जशी ओल, तशी नक्षी.

"सहाच का? पाच का नाही?"

"पाण्याचे कण एकमेकांचे हात धरतात ना, तेव्हा सहाजणांचंच रिंगण जमतं. हे पुस्तकात नाहीये हं, बाईंनी सांगितलंय."

मधला कण धुळीचा! इतका पांढरा बर्फ, आणि आत धूळ. मला हे फार आवडलं. तीनदा म्हणवून घेतलं. धुराड्यातून निघणाऱ्या धुळीचासुद्धा होत असेल का? विचारायचं राहिलं.

१९ जानेवारी, रविवार

हवा ऊबदार. कापसाच्या पेळूसारखा चिकट बर्फ पडतोय — असल्यात कण सुटे मिळत नाहीत. बुधवारी असंच राहिलं तर? थंडी पडली तर पंचाईत, नाही पडली तर पंचाईत.

गरम पाण्याच्या सार्वजनिक हौदात शिगेझो भेटला.

"काय गुरुजी! ऐकलं, शाळेत लागलात? आठवीत पळून गेलेला माणूस!"

"पळालो नाही. रस्त्याच्या कामावर गेलो."

"तेच ते. बर्फावर काय शिकवणार? फावडं कसं धरायचं?"

सगळा हौद हसला. मीही हसलो.

२१ जानेवारी

कण टिपायला काळं कापड लागतं. तामाएने जुन्या मखमलीचा तुकडा दिला. चुरगळलेला होता, म्हणून स्वतः इस्त्री केली. मुलांसमोर नीट न्यायला हवं.

"मामंजी, मी करते ना," तामाए म्हणाली.

"मला येतं!" उगाच खेकसलो. हल्ली असंच होतं.

संध्याकाळी गारठा पडला. पायाखाली बर्फ करकरतोय. उद्या सुटे कण पडणार, नक्की.

२२ जानेवारी, बुधवार

झालं ते सगळं लिहितो.

कुणापुढे ठेवायची वस्तू गारढोण न्यायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पाहुण्याचं आसन, चपला, पंचा, सगळ्याला ऊब देऊनच पुढे करायचं. मी मखमल पुन्हा एकदा शेकली, घडी करून कापूस भरलेल्या कोटात पोटाशी धरली आणि तशीच शाळेत नेली.

अंगणात नऊ मुलं गोल उभी. बाईंचं वाफ, धूळ, रिंगण सांगून झालं. मग म्हणाल्या, "आता आजोबा दाखवतील."

मी मखमल दोन्ही हातांवर पसरली. बर्फ पडत होता, गालावर लागत होता. थोडा थांबलो आणि मान खाली घालून म्हणालो, "हं, बघा. कसे सहा हात आलेत! टोकं कशी भाल्यासारखी! हा तर अगदी नेच्याच्या पानासारखा."



मग सहावीतला थोरला कोहेइ म्हणाला, "आजोबा, कुठेत हात? हे तर पाणी आहे."

"नीट बघ की!"

"बघतोय ना. थेंब आहेत नुसते."

गरम मखमल! पडला कण की विरघळला. आणि मी पाण्याच्या थेंबांचे हात मोजत होतो!

कानशिलं तापली. मखमलीची घडी घालायला लागलो. तेवढ्यात मिनोरीचा आवाज आला, चांगला खणखणीत: "कोहेइ, तू फसलास! आजोबांनी कापड मुद्दाम गरम आणलंय. मी सकाळी बघितलं ना शेकताना. गरम कापडावर काय होतं ते आधी दाखवायचं होतं त्यांना. हो ना, आजोबा?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

"अस्सं!" बाईंनी टाळीच वाजवली. "मग आता गार करूया." मुलांनी मखमल बर्फात पुरली, वर नाचली, उकरून काढून झटकली.

आता मी शहाणा झालो होतो. म्हणालो, "श्वास रोखा, बाजूला सोडा. आणि मी काही सांगणार नाही. काय दिसतं ते तुम्ही मला सांगायचं."

काय गलका उडाला! "नेच्याचं पान!" "नुसती बशी, हातच नाहीत!" "माझ्याकडे सुई पडली, सुई!" "याला बारा हात आहेत, बाई, बारा!" बाई म्हणाल्या, असतात, दोन कण एकावर एक जुळले की बारा होतात. पहिलीतली छोटी माझी बाही ओढून म्हणाली, "आजोबा, ह्याचा एक हात तुटलाय. दुखत असेल का?" मी म्हटलं, "नाही गं, वाटेत दुसऱ्याशी टक्कर झाली असेल." सगळी हसली.

मी तोंडाने "वा, वा" म्हणत होतो. एकही कण दिसला नाही. तरी इतका छान तास कुणी घेतला नसेल.

निघताना बाई वाकून म्हणाल्या, "स्वतः न सांगता मुलांकडून काढून घेतलंत. मला नसतं सुचलं." मान वर करवेना.

२३ जानेवारी

मिनोरी शाळेतून आली, दप्तर टाकलं, शेजारी बसली.

"आजोबा, किती बोटं?"

"तुझं काहीतरीच!"

"किती?"

"...तीन."

"मूठ आहे." मग म्हणाली, "काल मी खोटं बोलले. पुन्हा नाही बोलणार. रविवारपर्यंत तुम्ही आईला सांगा. नाहीतर मी सांगेन."

नऊ वर्षांची आहे!

२५ जानेवारी, शनिवार

रात्रीच्या जेवणाला सांगून टाकलं. घास हातात धरूनच. वडिलांचंही सांगितलं.

मुलगा म्हणाला, "बरं." तामाएने माझ्या वाटीत आणखी मुळा वाढला. "सोमवारी तालुक्याला जाऊ, मामंजी. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळतेय का बघते."

रडारड नाही, ओरडा नाही. एवढंच! ह्याच्यासाठी मी दोन वर्षं मरत होतो?

२७ जानेवारी, सोमवार

मोतीबिंदू! नुसता मोतीबिंदू!

डॉक्टर पोरगेलासा. म्हणाला, "आजोबा, पडदा उत्तम आहे, नस उत्तम आहे. पुढची काच तेवढी गढूळ झालीय, ती बदलू. तुमच्या वडिलांनाही बहुधा हेच असणार. तेव्हा डोंगरात कोण करणार होतं?"

बाहेर येऊन बाकावर बसलो. तामाएने गरम शेवयांचा डबा उघडून हातात दिला. खाता खाता रडू आलं. वडिलांसाठी आलं असावं. मग चक्क दोन डबे संपवले. घरी येईपर्यंत गाडीत झोपलो, घोरलो म्हणे.

१२ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. भीती वाटतेय. शिगेझो येऊन गेला, सफरचंदं ठेवून. "माझाही उजवा गढूळच आहे रे," म्हणाला हळूच. गाढव!

१५ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्यावरची पट्टी निघाली. खिडकीशी बसलोय. अंगणात उपसलेला बर्फ टाकून विरघळवायचं तळं आहे. त्याच्या काठाने गुडघाभर उंचीची लाल जाळी ठोकलेली आहे. मी तिला झुडपं समजत होतो.

"ही कधी लावली?"

तामाए वळली नाही. "दोन हिवाळ्यांपूर्वी. डोळ्यांचा विषय काढला की तुम्ही ताटावरून उठायचात, मामंजी."

मी समजत होतो, लपवतोय तो मीच.