सुकं पानसुद्धा नाही

१४ डिसेंबर
भातकापणीपासून या वहीला हात लावला नाही, चुकलं. हात दुखत होता, पण खरं म्हणजे लिहायची भीती वाटत होती. आज ग्रा.पं.च्या भिंतीवर कागद लागला. सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, बॉक्साइटची खाण होणार, त्यात वाघजाई देवीची राई धरलेली. राखीव जंगल असलं तरी परवानगी मागता येते म्हणे. पुढच्या महिन्यात जनसुनावणी.

१६ डिसें.
सूनबाई सुनंदा खाणीच्या अहवालाचं मराठी भाषांतर वाचून दाखवत होती. मध्येच थांबली. म्हणाली, "आबा, ह्यात तुमचं नाव हाय."
लिहिलंय : स्थानिक मानकऱ्याच्या जबाबानुसार ग्रामस्थ या जंगलाचा कोणताही वापर करत नाहीत. खाली माझी सही. म्हणजे राई गेली तरी गावाचं काही जात नाही, असा अर्थ.
पावसाआधी दोन साहेब आले होते. मीच त्यांना राईत नेलं. हद्दीच्या दगडापाशी बूट काढायला लावले, म्हणून मनातून खूष होतो. त्यांनी विचारलं, "आजोबा, गाववाले इथून काय काय नेतात? लाकूड, मध, औषध?" मी छाती काढून सांगितलं, "काही नाही साहेब. सुकं पानसुद्धा कोणी उचलत नाही. सगळं देवीचं."
ते लिहून घेत होते. मला वाटलं, गावाचा मान लिहितायत. खाली सही मागितली, ऐटीत केली.

१७ डिसें.
जेवण जात नाही. राईतल्या झऱ्यावर दोन वाड्या पाणी पितात, ते का नाही सांगितलं? विचारलं नाही म्हणून. आणि पाणी आम्ही नेतो असं कधी वाटलंच नाही. देवी सोडते, आम्ही खाली भरतो.
बाबू गुरवाला म्हटलं, कोणाला बोलू नको. तो म्हणाला, "मी कशाला बोलू? कागद बोलतोय भिंतीवर."

२० डिसें.
हसनभाई मासळी घेऊन दारात आला. त्याची खालची वाडी त्याच झऱ्यावर. त्याला कळलेलं.
"चौथीपर्यंत शिकलास तो सही करायलाच काय रे? अंगठा दिला असतास तर निदान वाचून दाखवा तरी म्हणाला असतास."
खरं आहे. सही येते या ऐटीत वाचलंच नाही. जाताना दोन बांगडे जास्त ठेवून गेला. ते बघून जास्तच वाईट वाटलं.

९ जानेवारी
सुनावणी झाली. मंडप, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. माझ्या हातात माईक दिला.
सुनावणीचे साहेब : ही सही तुमचीच ना?
मी : माझीच.
साहेब : मग तेव्हा खोटं सांगितलंत, की आता सांगताय?
मी : तेव्हाही खरं, आताही खरं.
मंडप हसला. हसनभाई हसला नाही. झऱ्याचं सांगितलं, ते लिहून घेतलं. पण काय लिहिलं कोण जाणे. शेवटी म्हणाले, वापर आहे की नाही ते बघायला माणसं पुन्हा येतील.

११ जाने.
रत्नागिरीहून वकीलबाई आल्या. मनाने चांगल्या. म्हणाल्या, नुसत्या झऱ्यावर थांबू नका, ते नळयोजना देतो म्हणतील. माणसं येतील तेव्हा बायका राईतून मोळ्या घेऊन निघताना दिसू देत. फोटो निघू देत.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मानकरी मी.
घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "आबा, राईच गेली तर नियम कुठं पाळणार?"


१२ जाने.
सकाळी एकटाच राईत गेलो. ऐनाची एक सुकी फांदी पडलेली होती. उचलली. हलकीच होती. हद्दीच्या दगडापर्यंत आणली आणि तिथे पाय अडले. बापाने, आज्याने...
परत नेली. जमिनीवर तिचा वळ दिसत होता, बरोबर त्यात ठेवली.

१३ जाने.
साहेबांची माणसं सोमवारी येणार, निरोप आला.
बाबूला कौल लावायला सांगितलं. देवीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या लावल्या. उजवी पडली तर मोळ्या न्यायच्या, डावी पडली तर नाही. बाबूने गाऱ्हाणं घातलं. दुपारपर्यंत बसलो. एकही कळी पडली नाही.
बाबू म्हणाला, "आज बोलायची नाय ती."
मी म्हटलं, माझ्यावर रागावली असेल.

१४ जाने.
आजही कळ्या तशाच. सुकल्या, तरी चिकटून आहेत. सुनंदाने कोयता आणि दोर ओटीवर काढून ठेवलेत.
आई, माझी चूक माझ्या पदरात घाल. पण तुझ्यासाठी तुझाच नियम मोडायचा का, एवढं सांग. डावी तर डावी. सोमवारच्या आत कळव.