बांधेल त्याचीच ट्रायल

मी, सावळाराम धोंडिबा रणपिसे, वय अडुसष्ट, धंदा गॅरेज, राहणार कापूरहोळ, तालुका भोर, जिल्हा पुणे, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी छातीच्या दुखण्यामुळे मला गाडी चालवायला मनाई केली आहे. दाखला मला मान्य आहे, मनाई मान्य नाही.

खाली लिहिलेली सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. त्यात वाडवडिलांचं काही नाही, त्यांना कोणी काही मिळवू दिलं नव्हतं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी गीताबाई हिची. तिने घर ठेवावं, विकावं किंवा कुलूप लावून वेल्ह्याला बहिणीकडे जाऊन राहावं. मुलाने तिला शहाणपण शिकवू नये.

कलम २. पान्यांचा संच, दोन्ही जॅक आणि चेनब्लॉक हे गॅरेजचे मुख्य मिस्त्री नजीर यांचे. माझ्या हाताखाली आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं, आता दाढी पांढरी झाली आहे.

कलम ३. महामार्गालगतचं गॅरेज, जागेसह, मुलगा अभिषेक याचं. मात्र एका अटीवर. ज्या मिस्त्रीने गाडी बांधली, ट्रायलला ती त्यानेच न्यायची. चावी त्याच्या हातात द्यायची आणि मालकाला यायचंच असेल तर त्याने मागे बसायचं.

अट विचित्र वाटेल, म्हणून कारण लिहितो. तरुणपणी मी भोरला एका गॅरेजात मिस्त्री होतो. एका टेम्पोचं इंजिन मी उतरवलं, उघडलं, पुन्हा बांधलं. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं तेव्हा मला रडू आलं. मालकाने चावी पुतण्याला दिली आणि मला म्हणाला, “तू नको बसू शिटावर.” का, ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. टेम्पो घाटाकडे गेला, मी हात पुसत उभा राहिलो. संध्याकाळी काम सोडलं. पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं ते याच एका नियमावर, आणि माझा एकही मिस्त्री कधी सोडून गेला नाही.

अभिषेक पुण्यात व्यवस्थापन शिकला आहे. माणूस कशाने कामाला लागतो, याचा त्याच्याकडे रंगीत तक्ता आहे. मी आजारी पडल्यावर त्याने गॅरेज हातात घेतलं, जास्त गाड्या काढणाऱ्याला दरमहा बक्षीस लावलं आणि डिझेल वाचावं म्हणून ट्रायल स्वतःकडे घेतली. पहिलं बक्षीस नजीरनाच मिळालं. त्याच महिन्यात त्यांनी केलेल्या गाड्या परत येऊ लागल्या. आजवर असं झालं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मालक, गाडी बरी झाली का न्हाई, ते मला कसं कळणार? म्या तर ती चढाला आयकलीच न्हाई.”

महिनाअखेर ते दुसरीकडे चालले आहेत. तिकडे पगार कमी आहे. हे त्या तक्त्यात कुठे बसतं ते अभिषेकने मला दाखवावं.

कलम ४. अट मोडली तर गॅरेज जागेसह नजीर यांचं होईल. अभिषेकने कोर्टात जाऊ नये, गेला तर हे कलम मोठ्याने वाचून घ्यावं.

कलम ५. भोरच्या त्या मालकाच्या घरचं कोणी माझ्या शोकसभेला आलं तर चहा द्यावा. भाषण करू देऊ नये.

कलम ६. हे आज सकाळचं, वकिलांना शेवटी घालायला लावलं. नोंदणीसाठी भोरला यायचं होतं. आमची जीप मी दुखण्यातून उठल्यावर हळूहळू स्वतः बांधली आहे, पण तिची चावी अभिषेकने लपवली होती. मी मागितली.

“आबा, मी नेतो की. तुमी बसा निवांत.”

“जीप कुनी बांधली?”

 त्याने खिशातून चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि साक्षीदारांना पुढे बसवून स्वतः मागे जाऊन बसला. चढाला इंजिन जरा खोकलं, ते मी ऐकलं. परत गेल्यावर बघेन.

हे ऐकून वकिलांनी विचारलं, आता कलम चार खोडायचं का. मी नको म्हणालो. आज त्याने चावी बापाला दिली आहे. नजीरना देईल तेव्हा तो मालक झाला असं मी समजेन. कलम राहू द्या.

वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही केली.

सावळाराम धोंडिबा रणपिसे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. आनंदराव गेनबा शिळीमकर, चहाचं हॉटेल, कापूरहोळ
२. अमीर हसन मुलाणी, पंक्चरचं दुकान, कापूरहोळ

ठिकाण: भोर
तारीख: १४ नोव्हेंबर २००५