दाराकडची वाट

५ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांची संकटं ऐकायची, मग घरी फोन वाजला तरी अंगावर काटा येतो. आप्पा बरे आहेत. गुडघे सोडले तर ठणठणीत.

दिवाळीत मदतीच्या नंबरावर एका बाईचा फोन आला. घरात गॅसचा वास येतोय म्हणाली, आणि पत्ता सांगून होतोय तोवर लाइन तुटली. मी गाडी पाठवली, पण पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. आमचं काम म्हणजे अर्धी गोष्ट ऐकायची, की लगेच दुसरी समोर उभी. सुटल्यावर बसथांब्यावर आले तरी तिचा आवाज कानात होता. तिथेच मोबाइलवर गॅस ओळखणारा भोंगा मागवला आणि काय सांगू, छाती एकदम हलकी झाली! मग धुराचे भोंगे, दाराच्या कड्या, चार्जिंगचे दिवे, असं काही ना काही घेत राहिले. आप्पा म्हणतात, घराचं गोदाम झालंय. तुलाही दोराची शिडी पाठवली आहे. आग लागली तर खिडकीतून उतरता येईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठकी

२० जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

शिडी पोचली. अगं, मी तळमजल्यावर राहते! ती उलगडेपर्यंत मी दारातून निघून शेजारणीकडे चहा पिऊन येईन. तुझे भावजी म्हणत होते की ठकीने शिडी पाठवलीच आहे, तर आता वर एक मजला चढवायला घेऊ.

थट्टा पुरे. आप्पांशी बोलणं झालं. न्हाणीघराकडे जाताना त्यांना खोक्यांमधून आडवं होऊन जावं लागतं म्हणे. एवढं सगळं कशासाठी, राणी? एकच विचारते, रागावू नकोस. तुझी भीती नेमकी कधी जाते? वस्तू घरी आली की, का ती मागवलीस की?

शिवणाचे कपडे साचलेत, म्हणून आवरते. जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाने रागच आला, कारण उत्तर मला ठाऊक आहे. मागवताना जाते. बोट टेकवलं की वाटतं, एक संकट तरी आपण बाहेरच अडवलं. खोकं दारात येतं तेव्हा ते उघडायचा धीर होत नाही. उघडलं की आतल्या वस्तूबरोबर तो फोन, तो आवाज पुन्हा आठवतो. म्हणून रचून ठेवते. पूर्वी एका खोक्यावर आठवडा निघायचा. आता संध्याकाळही निघत नाही.

पण ताई, मी जे ऐकते ते तू ऐकलेलं नाहीस. आप्पांना काही झालं तर ‘घेऊन ठेवलं असतं तर’ असं मला म्हणायचं नाही. उपदेश करणार असशील तर काही दिवस लिहू नकोस.

तरीही तुझीच,
ठकी

१५ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

ठकीला न सांगता लिहितो आहे. ती मला शेगडीपाशी जाऊ देत नाही, अंघोळीला कडी लावू देत नाही. खोक्यांची मला एवढी धास्ती नाही, तिच्या नजरेची आहे. कामावरून आली की माझ्याकडे अशी बघते, जसं काही मला जे व्हायचं ते होऊन गेलंय. पोर वाळली आहे. एकदा म्हटलं, हे काम सोड. तर म्हणाली की मग फोन कोण उचलणार.

जमेल तेव्हा ये. तू आलीस तर ती ऐकेल.
तुझे आप्पा

२८ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भावजींना हॉस्पिटलातून फोन गेला तेव्हा मला बोलता येत नव्हतं. आता लिहिते.

दुपारची वेळ होती. आम्ही कितीतरी जणी फोन घेतो, पण तो माझ्याच कानात आला. एक म्हातारा माणूस खोकत खोकत पत्ता सांगत होता. पत्ता माझा होता. खोक्यांतून काढलेला एकच दिवा मी चार्जिंगला लावून आले होते, त्यानेच पेट घेतला होता. नियमाप्रमाणे मी विचारत गेले. धूर किती आहे, घरात आणखी कोणी आहे का, दाराकडची वाट मोकळी आहे का. वाट मोकळी नाही, खोकी कोसळली आहेत, एवढंच ते म्हणाले. कशाची खोकी ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मग त्यांनी माझा आवाज ओळखला. आणि ताई, तेच मला धीर द्यायला लागले. म्हणाले की बाळा, घाबरू नकोस, मी खिडकीशी बसलोय, ओला पंचा तोंडावर धरलाय. धुराचे सगळे भोंगे बंद खोक्यांत मुकाट पडले होते. गज कापून त्यांना बाहेर काढेपर्यंत मी लाइन सोडली नाही. शेवटी फक्त खोकला ऐकू येत होता, मग तोही नाही.

ते वाचले. खांद्याचं हाड मोडलंय, छातीत धूर गेलाय, पण काल डॉक्टरांशी डाळ पातळ आहे म्हणून भांडले. एवढ्या वर्षांत शेवट कळलेला हा माझा पहिला फोन.

भीती गेलेली नाही. काल त्यांच्या खाटेशी बसले असताना बोट पुन्हा मोबाइलवर गेलं. श्वासाचं कसलंसं यंत्र दिसत होतं. आप्पांनी हात पुढे केला. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि तशीच बसून राहिले. दरदरून घाम आला, वाटलं आता जीव जाणार. गेला नाही. हळूहळू घाम ओसरला. उद्या पुन्हा तसंच होईल. कामावरून रजा घेतली आहे, आणि इथल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले.

तू ये. येताना काही आणू नकोस.
तुझी ठकी