भिंतीपलीकडचे ताट

वलगाव,
दि. १५ सप्टेंबर २००९

प्रिय मुनव्वर यास,
नत्थुजीचा नमस्कार.

तुझ्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे, तरीही मी पत्र लिहीत आहे, याचे तुला हसू येईल. हसण्यास हरकत नाही. आपले बोलणे बंद होऊन काही वर्षे झाली. रस्त्यात समोरासमोर आलो की तू टोपी सारखी करतोस आणि मी आभाळाकडे पाहतो, जणू माझे ढगांशी काही काम आहे. समक्ष बोलावयास आलो असतो तर माझा आवाज चढला असता. कागदावर आवाज चढत नाही, एवढा त्याचा उपयोग. चौथीपर्यंत गुरुजींनी दोघांना जे शिकवले त्या बळावर लिहितो आहे. चूक आढळल्यास दुरुस्त करून वाचावे. शुद्धलेखनात तू माझ्या पुढे होतास, हे मी तेव्हाही मान्य केले नव्हते.

विषय मांजरीचा आहे. आम्ही जिला सरकी म्हणतो आणि तुमच्या घरी जिला मलाई म्हणतात, ती. भाव येईल म्हणून मी माजघरात कापूस भरून ठेवला होता, त्या ढिगात ती जन्मली, हे तुला ठाऊक आहे. अंगावर सरकीसारखी करडी लव होती म्हणून तुझ्या वच्छलावहिनीने ते नाव ठेवले. पुढे कापूस पडत्या भावाने गेला, वच्छलाही गेली, आणि घरात मी व ही मांजर एवढेच उरलो. तिच्याशी मी फारसे बोलत नाही. परंतु मी जेवावयास बसलो की ती समोर बसते, आणि समोर कोणी बसलेले असले की घास उतरतो.

यंदा उन्हाळ्यापासून ती वाळत चालली. खाणे मात्र दुप्पट झाले होते. पाण्याच्या बादलीत तोंड घालून ती इतका वेळ पीत राही की मी काळजीत पडलो. खरे तेच लिहितो, प्रथम माझा संशय तुमच्यावर आला. वाटले, तुमच्याकडे हिला काही भलतेच खाऊ घालतात. आपल्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखविले. त्यांचा हात म्हशींवर बसलेला. मांजर पाहून ते म्हणाले, वय झाले, जाऊ द्या. मी तिला पिशवीत घालून घरी आणले. दोन दिवस मला अन्न गेले नाही. शेवटी गजेंद्राला फोन केला.

गजेंद्राचे नाव या पत्रात येणारच होते. ज्या वर्षी कपाशीवर लाल्या रोग पडला, त्या वर्षी तू माझ्या मुलाला मला न विचारता अकोल्यास तुझ्या साळ्याकडे विहिरीवरच्या जळक्या मोटारींत तार भरण्याच्या कामास लावून दिलेस. मी चौकात, माणसांच्या देखत, तुला म्हणालो की तू माझ्या वावरातला माणूस पळवलास. तेव्हापासून आपले बंद आहे. वच्छला गेली त्या दिवशी तू आलास, लाकडे रचलीस, आणि मी तुझ्याकडे पाहिले नाही. या बाबतीत आज अधिक लिहीत नाही. पुढे वाच.

गजेंद्राने सांगितल्याप्रमाणे तिला टोपलीत घालून, वर फडके बांधून, मी एसटीने अकोल्यास गेलो. मूर्तिजापूरपर्यंत ती ओरडत होती आणि लोक माझ्याकडे पाहत होते. तिथल्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रक्त, लघवी सर्व तपासून त्यांनी सांगितले की हिला मधुमेह झाला आहे. मला प्रथम ते थट्टेसारखे वाटले. साखरेचा आजार माणसांना होतो, तोही बसून खाणाऱ्यांना, अशी माझी समजूत. बाईंनी समजावून दिले. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी खाणे द्यायचे, तिने खाल्ले की मगच मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्शुलिनची सुई टोचायची. खाल्ले नाही तर सुई नाही. दूध-भाकर बंद. अंडे, कोंबडी, मासळी चालेल. माझ्या घरात अंडे शिजत नाही, हे तू जाणतोस. तेव्हापासून अंगणात तीन दगड मांडून वेगळ्या भांड्यात अंडे उकडतो. औषधाची शिशी अमरावतीच्या राजापेठेतून आणतो. वीज दिवसभर नसते, म्हणून झाकणाच्या डब्यात घालून ती माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवतो.

त्याच दिवशी बाईंनी मला एक प्रश्न विचारला. म्हणाल्या, "आजोबा, हिला घराबाहेर आणखी कोणी खाऊ घालतं का?" गजेंद्र शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "कोणी नाही." गजेंद्राने माझ्याकडे पाहिले, पण बापाचा शब्द त्याने खोडला नाही. तुमच्या घरी शकीलावहिनी सकाळी तिचे ताट मोरीजवळ ठेवतात, तिला हाक मारतात, हे मी रोज भिंतीअलीकडून ऐकत होतो. पण तुझे नाव माझ्या तोंडातून निघाले नाही.

परिणाम असा झाला की साखर उतरेना, बादलीभर पाणी पिणे तसेच राहिले. माझ्याकडचे खाऊन, सुई घेऊन ती भिंतीवरून तुमच्याकडे जाई आणि पुन्हा जेवी. बाईंनी फोनवर सांगून औषध वाढविले, तेव्हा कुठे साखर ताब्यात आली. मला वाटले, जिंकलो. नंतर पोळा झाला आणि लगोलग तुमचे रोजे सुरू झाले. मी तिला नेहमीसारखे अंडे दिले, नेहमीसारखी वाढीव सुई दिली. रोज्यांमुळे तुमच्याकडचे सकाळचे ताट बंद झाले असेल, हे माझ्या ध्यानातही आले नाही. साठ वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेल्या माणसाच्या ध्यानात आले नाही. ती रोज थोडी अधिक मलूल होत गेली. मागच्या आठवड्यात एका सकाळी तिने अंडेही अर्धेच खाल्ले. मी म्हटले, खाल्ले आहे ना, आणि सुई दिली. ती भिंतीवर चढू लागली आणि अर्ध्यातून खाली पडली. पाय ताठ झाले. डोळे उघडे होते, पण त्यांत ती नव्हती.

साखर एकदम उतरून असे झाल्यास गुळाचे पाणी हिरड्यांना चोळावे, असे बाईंनी सांगून ठेवले होते. गूळ हाताशी होता. पण तिचा ताठलेला जबडा मला एकट्याला उघडून धरता येईना. मी कोणाला हाक मारली, ते आठवत नाही. शकीलावहिनी मात्र आमच्या दारातून आत आल्या. रोजा असलेल्या बाईने खाली बसून मांजरीचे तोंड उघडले आणि मी बोटाने गूळ लावला. पुष्कळ वेळाने सरकीने जीभ हलविली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "नत्थुभाऊ, रोजे लागल्यापासून सकाळी आमच्या घरी चूल पेटत नाही. इचं ताट बंद आहे. तुमाले मालूम नव्हतं काय?" मी त्यांना म्हटले, वयामुळे चक्कर आली असेल. त्यांनी तेवढेच तुला सांगितले असणार. आजाराची गोष्ट मी त्याही क्षणी लपविली, मुनव्वर, असा माझा स्वभाव आहे.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा अकोला गाठले. या वेळी बाईंनी विचारण्याआधी मीच सांगितले, की शेजारी मुनव्वर राहतात, त्यांच्याकडे ही जेवते. बाई रागावल्या नाहीत. औषध कमी केले आणि म्हणाल्या, दोन्ही घरांनी मिळून वेळ ठरवा, नाहीतर ही राहणार नाही. तिथून गजेंद्राने मला त्याच्या दुकानात नेले. इतक्या वर्षांत मी प्रथमच गेलो. बाहेर विहिरींवरच्या मोटारी रांगेने पडल्या होत्या, चांदूरच्या, दर्यापूरच्या, आपल्या वलगावच्याही. तांब्याची तार त्याच्या बोटांतून धाग्यासारखी जात होती. ज्या वावरांत पाणी चढते, ते त्याच्या हातून चढते, हे मी पाहिले. त्याने मला स्वतःच्या खुर्चीवर बसविले. खुर्चीवरची गादी तुझ्या टाक्याची होती. चारी कोपऱ्यांना दुहेरी टाका आपल्या भागात दुसरा कोणी गादीवाला घालत नाही. मी त्या गादीवर बराच वेळ बसलो.

आता हे पत्र लिहिण्याचे कारण. चार-पाच दिवसांत चंद्र दिसेल, ईद होईल, आणि तुमची चूल सकाळची पुन्हा पेटेल. तिचे ताट बंद करू नका, ती त्या ताटाची आहे. फक्त आपण दोघांनी वेळ बांधून घ्यावी. आणि दुसरे असे की माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. सुईवरच्या बारीक रेघा मला नीट दिसत नाहीत. गेला महिनाभर मी अंदाजाने भरत होतो, हे गजेंद्रालाही ठाऊक नाही. ईदनंतर तो मला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमरावतीस नेणार आहे. मी परत येईपर्यंत, आणि खरे म्हणजे त्यानंतरही, सरकीची सुई तू द्यावीस. जन्मभर तुझ्या हातात सुई आहे, आणि तुझा टाका चुकलेला मी पाहिलेला नाही. ईदची नमाज आटोपली की मी शिशी घेऊन तुझ्या घरी येईन, पुढच्या दाराने. शीरखुर्मा मला द्यावा, तिला देऊ नये.

तुझाच,
नत्थू