म्हणून की तरी

१ सप्टेंबर
गणपती आपापल्या घरी गेले, कारखाना मोकळा. आता देव्या. दादाने साच्यातून देवी काढली, मी राक्षसाला हात घातला. देवीला साचा आहे, सिंहाला आहे. राक्षसाला नाही, तो दरवर्षी माझ्या हातून नवा होतो. पेणला गल्लोगल्ली कारखाने, पण महिषासुर बघायला लोक आमच्याकडे येतात. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. बरं, मीही म्हणते.

३ सप्टेंबर
राक्षसाचं तोंड झालं. शेजारच्या कारखान्यातले नाना डोकावून गेले. "कुंदाताई, ह्याच्याकडं बघवत नाय." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको.
दादा लगेच, "भोगलंय तिनं. म्हनून हात असा चालतो." हे त्याचं ठरलेलं वाक्य. नवऱ्याला सोडून, पाच वर्षांच्या लेकीला, मनीला, हाताशी धरून माहेरी आले, तेव्हापासून गिऱ्हाइकांना ऐकवतो. मला आवडतं. मार खाऊन निदान हात तरी मिळाला. बाकीच्या बायकांना तेवढंही मिळत नाही.

५ सप्टेंबर
मनीचा रोह्याहून फोन. धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये असते, त्यांच्या कॉलनीच्या मंडळाची देवी दरवर्षी आमचीच. म्हणाली, यंदा राक्षस नको.
मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. नाही. बायकांची मीटिंग झाली म्हणे. एक जण उठून बोलली, "घरात बघतोच हाय की. नऊ दिस तरी समोर नको." बाकीच्यांनी माना डोलावल्या.
"आणि हे निघालं कोणाच्या डोक्यातून?"
"माझ्या."
फोन ठेवला. तोवर भात करपला होता.

६ सप्टेंबर
दादा नुसता हसला. मग राक्षस बाजूला काढून दाखवलाच त्याने. देवीचा डावा पाय राक्षसाच्या खांद्यावर, त्रिशूळ छातीत, सगळा भार पुढे. तो काढला की देवी तोंडावर येते. दादाने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. "बघ. राक्षस हाय म्हनून देवी उभी हाय. सांग तुझ्या लेकीला."
पटलं. मनापासून पटलं. वाईट नसतंच तर चांगल्याने पाय कुठे रोवायचा? मनीला फोनवर हेच सांगितलं, जरा तोऱ्यातच. ती म्हणाली, उद्या येते.

७ सप्टेंबर, रविवार
मनी आली. राक्षसासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "आई, डोळे बाबांचे आहेत."
म्हटलं, हो. मला वाटायचं हे मलाच ठाऊक.
"दर नवरात्रात मी त्यांच्यासमोर उभं राहून आरती म्हटलीय."
लहानपणी मंडपात खांबाआड जायची. आम्ही म्हणायचो, लाजाळू आहे पोर.
थोड्या वेळाने दादाचं वाक्य आलंच. भोगलं म्हणून... मनी माती मळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणून नाही, मामा. तरी. मारलं तरी तिचा हात चालला. त्यांना कशाला श्रेय देता?"
मी चहा टाकायला उठले. फार चिडले होते.

९ सप्टेंबर
राग गेला नाही. तरी, म्हणे. म्हणजे तो माणूस आयुष्यात आला नसता तर हात असाच चालला असता, कदाचित जास्तच चालला असता. मग सोसलं ते सगळं फुकट? ते मान्य करवत नाही. आणि त्याच्यामुळे मी घडले, हेही आता तोंडातून निघत नाही. मुलीने एका शब्दाने चांगलीच पंचाईत केली.
दादा म्हणतो, ऑर्डर सोड. सोडली असती. पण कुंदाला राक्षसाशिवाय देवी उभी करता आली नाही, असं पेणला कोणी म्हणायला नको.

११ सप्टेंबर
एसटीने रोह्याला. दादाला सांगितलं की मंडपाची जागा बघायची आहे. खरं म्हणजे काही सुचत नव्हतं.
धाटावच्या नाक्यावर बायका कंपनीच्या बसची वाट बघत होत्या, मनी त्यांच्यातच. खांद्याला डबा, भार एका पायावर, दुसरा सैल, मिटलेली छत्री जमिनीला टेकवलेली. बस येईना. एकीनेही कठड्याला टेका घेतला नाही. पायाखाली कोणी नाही आणि उभ्या कशा, झकास.
"काय बघतेस गं?"
"पाय," म्हटलं.

१४ सप्टेंबर
साचा फक्त कमरेपर्यंत घेतला. खालचं सगळं हाताने. दोनदा टाच खचली. हवा दमट, माती सुकेना, हॅलोजन लावून बसलोय. दादा येता-जाता, "पडनार गो." तिसऱ्यांदा त्रिशूळ सरळ उभा धरला, दांडा खाली पाटावर टेकवला, छत्रीसारखा.
दादाने हात सोडले. मागे झाला. परत पुढे आला, परत मागे झाला. "राहिली गो," म्हणाला.
राहिलीच. इतकी वर्षं मी राक्षस केले. ही देवी माझी.

१९ सप्टेंबर
रंग पुरा झाला. डोळ्यांची आखणी कायम दादाची. देवीचे डोळे त्याने दुसऱ्या कोणाला कधी दिले नाहीत, मलाही नाही. आज बारीक कुंचला माझ्याकडे सरकवला आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला.
आखले. हात जराही हलला नाही. कोणाचे डोळे ते लिहीत नाही.

२१ सप्टेंबर
टेम्पो गेला. वडखळच्या पुढचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. दिवसभर कामात लक्ष नाही.
मनीचा फोन आला. पोचली, उभी आहे, टाचेला तडासुद्धा नाही. दादा शेजारीपाजारी सांगत सुटलाय, "बहिनीनं केली. आख्खी." एवढंच. मी नीट कान देऊन ऐकलं, वाक्यात 'म्हणून' नव्हतं.
आज मला माझाच फार अभिमान वाटतोय. वाटू दे.

३ ऑक्टोबर
काल विसर्जन झालं, आज मनी सुट्टी काढून आली. बायका खूश. जी मीटिंगमध्ये बोलली होती, ती रोज आरतीला पुढे उभी असायची म्हणे, आधी कधी यायची नाही. एक चिमुरडी मात्र रोज विचारायची, राक्षस कुठे गेला? कोणी सांगायचं मेला, कोणी सांगायचं पळाला. मनीने काय सांगितलं? "मी म्हटलं, मलाही माहीत नाही."
जेवताना दादाने विचारलं, "राक्षस नको, तर त्रिशूळ कशाला ठेवलास गो?"
"टेकायला."
"टेकायला काठी चालली असती."
मनी म्हणाली, "त्रिशूळ नको असं बायका कुठे म्हणाल्या?" मग तिघंही ताटात बघून जेवलो.
यंदाचा राक्षस कोपऱ्यात तसाच आहे, बिनरंगाचा. दादा विचारत होता, मोडून माती भिजत घालू का. म्हटलं, थांब, काम चांगलं झालंय. फक्त ओल्या बोटाने डोळे पुसून टाकले.
त्याच्याशिवाय ती उभी राहते, हे मी करून दाखवलं. त्रिशूळ काढला तर राहील का? संध्याकाळी थोडी माती मळून ठेवली आहे.