पान बासष्टवरच्या दोन ओळी

कामुरास्का, १४ मार्च १९८८

प्रिय ओदिलों,

तुम्ही दोघं बरे असाल. माझे गुडघे होते तसेच आहेत. नदीवरचा बर्फ अजून हललेला नाही, पण मेपलचा रस सुरू झालाय. शेजारच्या ओरोरनं काल पाकाची बरणी आणून दिली.

तुझ्या वंशावळीची कच्ची प्रत पोचली. ईस्टरनंतर छापायला देणार आणि जुलैत कुलमेळाव्यात वाटणार म्हणतोस. मुखपृष्ठावर ढाल, तलवार आणि वर ट्युलिप! अरे, लाट्युलिप हे कसलं सरदार घराणं? फ्रान्सहून आलेल्या पलटणीत शिपायांना टोपणनावं चिकटवत. कुणी गुलाब, कुणी बिनघोर, आपला तो ट्युलिप. खरं आडनाव गळून गेलं, फूल राहिलं. आणि त्या मूळपुरुषाला तू 'कप्तान' केलंस, तो तर लग्नाच्या नोंदीखाली सही म्हणून फुली मारतो. तीस वर्षं नोटरी होतास ना? लोकांच्या सह्या काय डोळे मिटून तपासल्यास?

एवढंच असतं तर मी हसून प्रत चुलीत घातली असती. पण पान बासष्ट ओरोरनं माझ्याआधी वाचलं.

"काय गं, तीन वर्षं चोरलीस की आमच्यापासून! सव्वीसचा जन्म तुझा, आणि मिरवतेस एकोणतीसचा?"

तुला फोन केला, तर तू कोर्टातला आवाज काढलास. "डेलिमा, कागद खोटं बोलत नाही. सव्वीसची नोंद तुझीच. एकोणतीसची पाद्रीबुवांनी चुकून पुन्हा उतरवली."

"आणि अठ्ठावीसची दफनाची?"

"ती दुसऱ्या कुणाची तरी असणार. तू तर जिवंत आहेस!"

धन्य तुझी. पणजोबांच्या घरी तीन जोसेफ झाले, आधीचे दोघे गेले, तिसरा जगला, हे तुला बरोबर कळलं. त्याचा तक्ताही काढलास. मूल गेलं की त्याचं नाव पुढच्याला, ही आपली रीत सगळ्या घराण्यात दिसली, फक्त स्वतःच्या आईच्या पोटी दिसली नाही. बाप्तिस्म्याला दोघींची धर्ममाता डेलिमा आत्याच, तिनंच दोन्ही वेळा आपलं नाव दिलं. दोन्ही नोंदींत तीच नावं दिसली, तेवढ्यावर तू फसलास.

पहिली डेलिमा डांग्या खोकल्यानं गेली. दोन वर्षांची होती.

तू माझ्याही मागून जन्मलास, तुला कुणी सांगितलं नाही, हे खरं. आई बोलत नसे. शेवटच्या आजारात मात्र हाक मारायची, "डेलिमा!" मी हातातलं टाकून धावायचे, तर म्हणायची, "तू नव्हे गं. धाकटी." धाकटी म्हणे! माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ती.

आईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पोरीच्या थडग्यावरचा लाकडी क्रूस कधीच कुजला होता, तर आपण गेल्यावर आपल्या दगडावर तिचं नाव घाल म्हणाली. मी हो म्हटलं. पाथरवट आला, छिन्नी टेकवली, म्हणाला, "बोला बाई, काय काय नावं?" मी बेचाळीस वर्षांची, धडधाकट, आणि थडग्यावर डेलिमा लाट्युलिप! गाव हसेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं ते नव्हतं. ते नाव एकदा तरी नुसतं माझं असावं, एवढंच हवं होतं.

"फक्त आईचं कोर," म्हणाले.

सतरा वर्षं झाली. तेव्हा तुझ्या मूर्खपणावर मी कितीही तोंड टाकलं, तरी तिची खूण आधी मीच पुसून ठेवली होती. तुझ्याजवळ निदान अज्ञान होतं. माझ्याजवळ तेही नव्हतं.

ढाल ठेव, तलवार ठेव, कप्तानाला हवं तर सेनापती कर. पण पान बासष्टवर आईच्या नावाखाली डेलिमाच्या दोन ओळी हव्यात. पहिली सव्वीस ते अठ्ठावीस. दुसरी एकोणतीसपासून. दोन छापणार नसशील तर माझीही काढून टाक. मेळाव्याला मग मी येणार नाही. जमीन मऊ झाली की पाथरवटाला बोलावते आहे. या वेळी नाव सांगेन.

पाळणा तिचा, नाव तिचं, धर्ममाताही तिचीच घेऊन मी जगले. वाढदिवस तरी तिचा तिला राहू दे.

तुझी बहीण,
डेलिमा, दुसरी