चौथ्या भागातला खलनायक

दिंद्रुड,
२२ एप्रिल २०१६

प्रिय सुग्रीव,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक. ऊन असं की खडूसुद्धा हातात घ्यावासा वाटत नाही. वहिनींना नमस्कार सांग. माझा वाचायचा चष्मा तुमच्या फडताळावर राहिलाय, तो जपून ठेवायला सांग.

आता तक्रार. काल तू मला ‘एस्टरमीर मित्रमंडळ’ या व्हॉट्सअ‍ॅप गटातून काढलंस. नोटीस नाही, खुलासा मागवला नाही, कोरमचा तर पत्ताच नाही! तू पाणी संस्थेचा चेअरमन; सभासदत्व रद्द करण्यापूर्वी उपविधी तरी चाळायचे होतेस. दोन घरं सोडून राहणाऱ्या माणसाला कागदावर पत्र लिहायची पाळी यावी, ही त्या अन्यायाची शोभा.

माझा गुन्हा काय? एस्टरमीरच्या चौथ्या भागाची झलक आली. तुझ्या रामहरीने पुण्याला जाताना मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरवर आपण या खेळाचे तीनही भाग पार केले. पन्नाशीतले दोन बाप्ये राक्षस मारत बसतात म्हणून वहिनी हसल्या, तेही सोसलं. तेव्हा चौथ्यात काय घडणार, यावर मत द्यायचा हक्क मला आहेच.

झलकेत दिसतं काय? आटलेली नदी, भेगाळलेली रानं, कोरडी बारव. गटातले विद्वान लगेच सुरू झाले. कुणी म्हणे चेटकीण परतली, कुणी म्हणे ड्रॅगनने नदी पिऊन टाकली. शहरातली पोरं, त्यांना दुष्काळ म्हणजे जादू वाटते. आपल्या बीड जिल्ह्यातल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मी एवढंच लिहिलं की, नाव झळकण्याआधी उजव्या कोपऱ्यात, टेकडीखाली, एकच शेत हिरवंगार आहे. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. मी हिरवळीवरून पाण्याचं केलं. नदी कुणी प्यायली नाही, वळवली. आणि वळवणार कोण? ज्याच्याकडे बंधाऱ्याच्या चाव्या, तो आपला द्वारपाल ऑल्ड्रिक! तिसऱ्या भागात त्या त्याला आपणच दिल्या. मी कां-कूं करत होतो, तर तू म्हणालास, “दे बे, भला माणूस हाय.” तात्पर्य, या खेपेचा खलनायक आपणच निवडून दिलेला आहे.

यावर तू लिहिलंस, “विषयाला धरून बोला.” आणि मी बाहेर!

सकाळी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा कासम भेटला. तोही गटात आहेच. म्हणाला, “मास्तर, ह्ये खेळाचं लिवलं का गावचं?”

“खेळाचंच रे.”

“मग चेअरमनला कावून झोंबलं?”

मी शाळेला उशीर होतोय म्हणून सटकलो. शाळेला आज सुट्टी आहे, हे त्यालाही ठाऊक. सुग्रीव, शपथेवर सांगतो, लिहिताना तुझा ऊस माझ्या मनात नव्हता.

बरं, होता.

तलावातलं उरलेलं पाणी फक्त पिण्याला, असा ठराव संस्थेने केला. खाली सही तुझी. आणि मोटार तुझीच चालू! बेणं जगवण्यापुरतं पाणी घेतो म्हणतोस. अरे, बेण्यापुरतं म्हणजे किती? सडकेवरून जाणाऱ्या एसटीतली माणसं माना वळवून तुझं रान बघतात.

परवा टँकरपाशी रतनबाईने रिकामी घागर माझ्या पायाशी आदळली. “चेअरमन तुमचे दोस्त ना, मास्तर? तुमी कवा बोलणार? ऊस कारखान्यावर गेल्यावर?” रांगेतल्या बाया हसल्या. संताप तुझा आला होता. तुझ्या घरी यायचं सोडून मी गटात ऑल्ड्रिकवर लिहीत बसलो.

सोमवारी सभा आहे. तलावावरच्या मोटारी काढायचा ठराव रतनबाई मांडणार आहे आणि त्याला अनुमोदन मी देणार आहे. हे तुला सभेत कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

ठरावाचं काय व्हायचं ते होईल. मला भीती वाटते ती दुसरीच. सभेतून बाहेर पडताना तू माझ्याकडे न बघता निघून जाशील, आणि या वयात दुसरा दोस्त मला करता यायचा नाही.

सोमवारनंतरही तुझाच,
मुंजाजी